महोत्सवांत गाजलेले परदेशी क्वीअर चित्रपट: घरच्या मंडळींसोबत बसून बघायला कोणते?

सांजवेळ_पुणे

नमस्कार मंडळी. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये महिन्यातून एक चित्रपट दाखवणारा आमचा छोटा गट आहे. पंचवीस-तीस जण येतात, वय वीसपासून सत्तरपर्यंत. जूनपासून सहा महिने एलजीबीटी म्हणजेच क्वीअर (समलिंगी, ट्रान्स वगैरे) महोत्सवांतून फिरलेले परदेशी चित्रपट दाखवायचं ठरलंय. बहुतेकांनी या विषयावरचं काहीच पाहिलेलं नाही, पण बघायची तयारी सगळ्यांची आहे.

नेटवर याद्या भरपूर आहेत, पण त्या पुरस्कारांच्या क्रमाने लावलेल्या. समोर कोण बसलंय याचा विचार कुठेच दिसत नाही. भारताबाहेरचे, सव्वादोन तासांच्या आतले आणि आईवडिलांच्या पिढीला धरून ठेवतील असे चित्रपट सुचवा. नग्नता अजिबात नको असं नाही, पण पहिल्याच महिन्यात अर्धी खोली उठून जायला नको. सबटायटल, प्रोजेक्टर, परवानग्या यांत काय अडचणी येतात तेही सांगा.

पडद्यामागून

पहिली गोष्ट: सुरुवात नायक मरतो अशा चित्रपटाने करू नका. महोत्सवांत गाजलेल्यांतले निम्मे तसेच आहेत आणि चांगलेही आहेत. पण ज्या आईवडिलांनी या विषयावरचं काही पाहिलेलं नाही, त्यांच्या मनात 'यांचं शेवटी असंच होतं' हे आधीच पक्कं बसलेलं असतं. पहिल्या दोन महिन्यांत त्याला खतपाणी घालायचं नाही. प्रेक्षकांच्या ओळखीचं घर ज्यात आहे, असा चित्रपट आधी लावायचा.

म्हणून सलामीला माझं मत 'द वेडिंग बँक्वेट'ला. आंग ली यांचा, १९९३ चा, १०६ मिनिटांचा. बर्लिन महोत्सवात त्याला गोल्डन बेअर हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता. न्यूयॉर्कमध्ये राहणारा तैवानी मुलगा, त्याचा अमेरिकन जोडीदार सायमन, आणि तैवानहून 'लग्न कधी करतोस' म्हणून मागे लागलेले आईवडील. मुलगा आपल्या भाडेकरू मुलीशी दिखाऊ लग्न ठरवतो. तिला ग्रीन कार्ड हवंच असतं. आईवडील थेट विमान पकडून हजर होतात आणि कोर्टातलं साधं लग्न ऐकून आईचा चेहरा उतरतो, तो प्रसंग आपल्याकडच्या कुठल्याही आईने ओळखावा. पुढची मेजवानी म्हणजे अख्खं मराठी लग्नघर: आग्रह, चेष्टा, रात्री खोलीत घुसणारे मित्र. लोक खळखळून हसतात आणि हसता हसता गुंततात. वडील निवृत्त लष्करी अधिकारी आहेत, फार कमी बोलतात. त्यांच्याकडे नीट लक्ष ठेवा असं आधीच सांगून ठेवा, कारण शेवटाकडे त्यांचा आणि सायमनचा समुद्राकाठचा एक छोटा प्रसंग आहे आणि सगळा चित्रपट त्यावर तोललेला आहे.

मिळवताना एक घोटाळा टाळा. याच नावाचा २०२५ चा नवा चित्रपट आहे. त्याची कथा बरीच बदललेली आहे आणि त्यात जोडपी दोन आहेत. शोधताना वर्ष बघा, नाहीतर ऐनवेळी भलताच लागेल.

दुसऱ्या महिन्याला 'ऑल शॅल बी वेल' (२०२४, हाँगकाँग, दिग्दर्शक रे युंग, ९३ मिनिटं). बर्लिन महोत्सवात क्वीअर चित्रपटांना १९८७ पासून टेडी पुरस्कार देतात, २०२४ चा टेडी याला मिळाला. साठीच्या पुढच्या दोघी, अँजी आणि पॅट, चाळीसहून जास्त वर्षं एकत्र. पॅट अचानक जाते, घर तिच्या एकटीच्या नावावर, मृत्युपत्र नाही. यातही मृत्यू आहे, मी वर म्हटलं त्याच्या विरुद्ध वाटेल. पण तो सुरुवातीलाच होतो आणि सामान्य कारणाने होतो. चित्रपट आहे तो त्यानंतरच्या व्यवहाराचा. पॅटचा भाऊ, वहिनी, भाचरं यांतलं कोणी खलनायक नाही. सणासुदीला एका टेबलावर जेवणारी, अँजीवर माया करणारी माणसं आहेत. पण त्यांची स्वतःची घरं कोंदट, कमाई तुटपुंजी, आणि कायदा त्यांच्या बाजूने. अस्थींचं काय करायचं इथपासून कुरबूर सुरू होते आणि फ्लॅटपाशी येऊन थांबते. शांत चित्रपट आहे, पण खोलीतला एकही माणूस 'हे आपल्याकडे होत नाही' असं म्हणू शकणार नाही.

हा दाखवलात की मृत्युपत्राचे प्रश्न येणारच, तेव्हा माहिती तयार ठेवा. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, त्यामुळे जोडीदार कायदेशीर वारस ठरत नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. संयुक्त बँक खातं आणि त्यावर जोडीदाराचं नामांकन यांना अडथळा नाही, हे अर्थमंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

दक्षिणायन

पडद्यामागून यांच्या पहिल्या दोन्ही निवडी उत्तम. पण दोन्ही पूर्व आशियातल्या आहेत, लॅटिन अमेरिका राहून जायला नको. कुटुंबाचा रेटा, देवधर्म, शेजारीपाजारी काय म्हणतील ही धास्ती, सगळं तिथे आपल्याइतकंच आहे.

तरुण मंडळींसाठी ब्राझीलचा 'द वे ही लुक्स' (२०१४, दानिएल रिबेरो, ९६ मिनिटं, टेडी विजेता). साओ पावलोतला लिओ जन्मांध आहे, शाळेत नवा मुलगा येतो, जवळची मैत्रीण दुखावते. लिओचे आईवडील त्याला एकटं कुठे पाठवायला घाबरतात, आणि त्याची चिडचिड त्यावरून जास्त आहे. समलिंगी असण्याचा प्रश्न त्या मोठ्या प्रश्नाच्या आत बसवलेला आहे, म्हणून पालकांना तो अंगावर आल्यासारखा वाटत नाही. अंगप्रदर्शन जवळजवळ नाही. याच कलाकारांना घेऊन दिग्दर्शकाने २०१० मध्ये सतरा मिनिटांची लघुफीत केली होती. दोन्ही एकाच दिवशी दाखवू नका, शेवटाची उत्सुकता जाते.

ट्रान्स व्यक्तीची गोष्ट हवी असेल तर चिलीचा 'अ फँटॅस्टिक वुमन' (२०१७, सेबास्तियान लेलिओ, १०४ मिनिटं). २०१८ चं परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर याला मिळालं. मारिनाचा जोडीदार ओर्लांदो रातोरात जातो आणि त्याचे नातेवाईक तिला अंत्यविधीलाही येऊ देत नाहीत. मारिनाचं काम करणारी दानिएला वेगा स्वतः ट्रान्स आहे आणि शास्त्रीय गायनाची शिकलेली आहे. हा मुद्दा सौंदर्यदृष्टीचा नाही, कामाचा आहे: पोलीस आणि डॉक्टर तिच्याकडे बघतात तेव्हा ती ज्या पद्धतीने खांदे ताठ ठेवते, ते बाहेरून शिकून येत नाही. सांतियागोच्या रस्त्यावर समोरून वारा इतका वाढतो की ती जवळजवळ तिरकी होऊन उभी राहते, तो एकच शॉट सगळ्यांच्या लक्षात राहतो. ओळखपत्र मागण्याचे प्रसंग त्यात वारंवार येतात. चिलीत लिंगओळखीचा कायदा या चित्रपटानंतर, २०१८ मध्ये झाला, आणि त्या चर्चेत या चित्रपटाचं नाव सतत होतं. एका प्रसंगात तिच्यावर हिंसा होते, चेहऱ्याला चिकटपट्टी गुंडाळतात. हे आधी सांगा.

'ऑल शॅल बी वेल' आणि हा चित्रपट पाठोपाठच्या महिन्यांत लावू नका. विषय एकच: जोडीदार गेला आणि घरचे दार लावतात. मध्ये किमान दोन महिने जाऊ द्या.

क्यूबाचा 'स्ट्रॉबेरी अँड चॉकलेट' (१९९३) ज्येष्ठांना आवडेल, कारण त्यात राजकारण, पुस्तकं, संगीत आणि हवाना शहर आहे. पण संवाद फार आहेत आणि क्रांतीनंतरच्या क्यूबाचे संदर्भ आहेत. दहा मिनिटं प्रस्तावना करणारा कोणी असेल तरच घ्या.

रावीकाठ

दोन्ही प्रतिसाद वाचले. 'जॉयलँड'चं नाव अजून कसं आलं नाही? पाकिस्तान, २०२२, सैम सादिक, दोन तास सहा-सात मिनिटं. फ्रान्सच्या कान महोत्सवात 'अनसर्टन रिगार्ड' विभागात ज्युरी पुरस्कार आणि शिवाय क्वीअर पाम, म्हणजे तिथला क्वीअर चित्रपटांचा पुरस्कार. भाषा पंजाबी आणि उर्दू, म्हणजे तुमच्या सत्तरीतल्या मंडळींनाही अर्ध्याहून जास्त कानाने कळेल. सबटायटलची भीती वाटणाऱ्या गटासाठी ही फार मोठी सोय आहे.

लाहोरचं एकत्र कुटुंब, चाकाच्या खुर्चीतले वडील, धाकटा बेकार मुलगा हैदर, नोकरी करणारी सून मुमताज. हैदरला काम मिळतं ते बिबा या ट्रान्स नर्तकीच्या मागे नाचण्याचं, आणि त्याला नोकरी लागली म्हणून मुमताजची नोकरी सुटते. सगळे हैदर-बिबाबद्दल बोलतात, पण चित्रपटाचा खरा भार मुमताजवर आहे. चर्चेत तिच्यापासून सुरुवात करा, बायका आपोआप बोलू लागतील.

दोन सूचना. यात आत्महत्या आहे, ती आधी सांगितलीच पाहिजे. शेवट फुटला तरी चालेल. दुसरं, याची चौकट जुन्या टीव्हीसारखी जवळजवळ चौकोनी आहे, डावी-उजवीकडे काळे पट्टे राहतात. कोणीतरी हमखास उठतं आणि रिमोटवर 'झूम' दाबतं. मग वरची डोकी आणि खालची सबटायटल दोन्ही कापली जातात. 'स्ट्रेच' केलं तर माणसं आडवी पसरतात. अंधार करण्याआधीच सांगून टाका की पट्टे असेच राहणार आहेत. त्या अरुंद चौकटीतच घरातली घुसमट दिसते.

कोरेएदा यांचा 'मॉन्स्टर' (जपान, २०२३) पण घ्या. एकच घटना आई, शिक्षक आणि मुलगा अशा तीन बाजूंनी सांगितली आहे. दर वेळी सुरुवात जळत्या इमारतीपासून होते, हे ओळखलं की गोंधळ होत नाही. चाळिसाव्या मिनिटाला कोणी कंटाळलं तर थांबा म्हणावं, पहिल्या भागात शिक्षक विचित्र वाटतात ते मुद्दाम आहे. आणि निमंत्रणात 'क्वीअर पाम विजेता' असं लिहू नका. तो पुरस्कारच तिसऱ्या भागाचं गुपित फोडतो. एरवी कानचा पटकथेचा पुरस्कारही आहे, तो लिहा.

'क्लोज' (बेल्जियम, २०२२) सुंदर आहे, पण तुमच्या गटाला आत्ता नको. तेरा वर्षांच्या मुलाची आत्महत्या आहे आणि ती चित्रपटाच्या मध्यावर येते, शेवटी नाही, त्यामुळे उरलेला वेळ खोलीत कोणी श्वास घेत नाही. किशोरवयीन मुलांचे पालक समोर असतील तर समुपदेशक हजर असल्याशिवाय दाखवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सबटायटल_मास्तर

तांत्रिक बाजू मी घेतो.

सबटायटल पुढेमागे होणं ही सर्वांत नेहमीची तक्रार. आधी दोष कुठला ते ओळखा: पाचव्या मिनिटाला एक संवाद बघा आणि शेवटच्या पाच मिनिटांतला एक. दोन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल, समजा तीन सेकंद, तर नुसतं पुढेमागे सरकवायचं. व्हीएलसी प्लेअरमध्ये जी आणि एच या कळांनी होतं. फरक वाढत जात असेल तर फाइल वेगळ्या फ्रेमवेगाची आहे. चित्रपट सेकंदाला २५ फ्रेमचा आणि सबटायटल २३.९७६ ची असेल तर तासाभरात सुमारे अडीच मिनिटांची तफावत पडते. ती सरकवून जात नाही, 'सबटायटल एडिट'सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमवेग बदलून फाइल नव्याने साठवावी लागते. युरोपातल्या चित्रपटांत हे जास्त होतं, कारण तिकडच्या डीव्हीडी २५ च्या वेगाने असत.

मराठी सबटायटल करणार असाल तर (आणि साठीपुढच्यांसाठी करावीत) कामाचा अंदाज घ्या. शंभर मिनिटांच्या चित्रपटात साधारण हजारभर ओळी येतात. दोघांनी वाटून घेतलं तर तीन आठवडे धरा. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत चाळीस अक्षरांच्या आत, पडद्यावर एक सेकंदाहून कमी नाही आणि सातहून जास्त नाही. मजकूर जास्त झाला तर अर्थ राखून कापा, लोक वाचतच राहतात आणि चेहरा बघायचा राहून जातो. 'अ फँटॅस्टिक वुमन'मध्ये नातेवाईक मारिनाला मुद्दाम पुरुषी संबोधतात. तिथे मराठीतही 'आला, गेला' असंच ठेवा, सभ्यपणाने सुधारू नका. बाकी सर्वत्र ती 'आली, गेली'.

फाइल साठवताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात. टीव्हीला पेनड्राइव्ह लावून चालवू नका, बऱ्याच टीव्हींत जोडाक्षरं तुटतात आणि वेलांटी भलत्या जागी पडते. लॅपटॉपवरून चालवा, फाँट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी. आदल्या दिवशी त्याच लॅपटॉपवर, त्याच केबलने दहा मिनिटं बघून घ्या.

क्लबहाउसला उतार नसतो, म्हणून सबटायटल पुढच्या डोक्यांमागे जातात. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार-साडेचार फूट वर हवी. तेवढी उंची नसेल तर खुर्च्या एकाआड एक सरकवा किंवा सबटायटल पडद्याच्या वरच्या बाजूला न्या.

आता हक्क. तिकीट लावलं नाही म्हणून खेळ खासगी होत नाही. ओटीटीची वर्गणी घरगुती वापरापुरती असते, क्लबहाउसात ती चालत नाही. चित्रपटाच्या सुरुवातीला ज्या विक्री कंपनीचं नाव येतं तिला ईमेल करा: एकच खेळ, तारीख, किती माणसं, तिकीट नाही, कुठल्या स्वरूपात दाखवणार. ही पाच वाक्यं पहिल्याच पत्रात असली की उत्तर लवकर येतं. दीड-दोन महिने आधी लिहा. भारतात प्रमाणपत्र नसलेल्या चित्रपटाच्या जाहीर खेळासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते, महोत्सव तेच करतात. छोट्या गटाने सोपी वाट म्हणून पुण्यातल्या आलियान्स फ्रान्सेज किंवा मॅक्स म्युलर भवनला सोबत घ्यावं. फ्रेंच चित्रपटांचा बिगरव्यावसायिक खेळांसाठीचा संग्रह आलियान्सच्या जाळ्यात असतो.

गिरणगाव_टॉकीज

सबटायटल_मास्तर, इंग्रजी चित्रपटालाही सबटायटल लागतात हे राहिलं. मी 'प्राइड' (२०१४, मॅथ्यू वॉर्कस, सुमारे दोन तास) सुचवणार आहे आणि त्यातले वेल्श उच्चार सबटायटलशिवाय कोणालाच झेपणार नाहीत.

१९८४-८५ चा ब्रिटनमधला खाणकामगारांचा संप. लंडनमधले काही समलिंगी तरुण-तरुणी बादल्या घेऊन संपकऱ्यांसाठी पैसे गोळा करतात. कामगार संघटना त्यांचे पैसे घ्यायला कचरते, मग ते थेट वेल्समधल्या दुलाइस खोऱ्यातल्या एका गावाला मदत पोचवतात. हे सगळं खरं घडलेलं आहे, आणि १९८५ मध्ये लेबर पक्षाच्या परिषदेत समलिंगींच्या हक्कांचा ठराव झाला त्यामागे खाणकामगार संघटनेची मतं होती. तुमच्या गटात १९८२ चा मुंबईचा गिरणी संप आठवणारे कोणी असतील तर हा चित्रपट त्यांचाच आहे. रेशनसाठीची रांग, घराघरातली उधारी, संप मोडतानाचं मौन, सगळं ओळखीचं. सभागृहात बायका 'ब्रेड अँड रोझेस' गायला लागतात तिथे आवाज थोडा वाढवा. शारीरिक दृश्यं नगण्य, एड्सचा उल्लेख येतो, शेवट उत्साहाचा. खरं सांगायचं तर सलामीला मी 'वेडिंग बँक्वेट'च्या आधी हा लावेन.

याच्यासोबत '१२० बीपीएम' (फ्रान्स, २०१७) बरेच जण सुचवतात. १४३ मिनिटं आहेत, तुमच्या मर्यादेबाहेर, आणि शारीरिक दृश्यंही बरीच. पण एचआयव्हीवर काम करणारं कोणी गटात असेल तर त्यांनी स्वतः जरूर बघावा. एड्सच्या प्रश्नावर आंदोलन करणाऱ्या पॅरिसच्या ॲक्ट अप गटाच्या साप्ताहिक बैठका त्यात आहेत. बोलणाऱ्याला अडथळा नको म्हणून टाळ्यांऐवजी चुटक्या वाजवायच्या, ही साधी शिस्त दाखवली आहे, आणि वाद किती तीव्र असला तरी बैठक कशी चालू राहते ते कळतं.

केनियाचा 'रफिकी' (२०१८, वानुरी काहिउ, ८३ मिनिटं) लहान आहे, रंगीत आहे, दोन मुलींची गोष्ट. सेन्सॉरने शेवट बदलायला सांगितलं कारण तो आशादायी होता. दिग्दर्शिकेने नकार दिला आणि चित्रपटावर बंदी आली. सप्टेंबर २०१८ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने सात दिवसांपुरती बंदी उठवली. त्याच महिन्यात आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल लागला. केनियातली कलमंही ब्रिटिशांच्याच दंडसंहितेतून आलेली, आणि ती अजून कायम आहेत. एक मारहाणीचा प्रसंग आहे, बाकी सौम्य.

सांजवेळ_पुणे

खूप खूप आभार सगळ्यांचे. असा क्रम बसवतेय: जून 'प्राइड', जुलै 'वेडिंग बँक्वेट', ऑगस्ट 'ऑल शॅल बी वेल', सप्टेंबर 'रफिकी', ऑक्टोबर 'जॉयलँड', नोव्हेंबर 'अ फँटॅस्टिक वुमन'. 'मॉन्स्टर' पुढच्या फेरीला ठेवला. अजून एक शंका: चित्रपट संपल्यावर चर्चा किती वेळ आणि कोणी चालवायची?

पडद्यामागून

क्रम चांगला जमलाय. ऑगस्ट आणि नोव्हेंबरमधलं अंतरही बरोबर.

चर्चा चाळीस मिनिटांच्या पुढे नेऊ नका. श्रेयनामावली संपेपर्यंत दिवे लावायचे नाहीत, मग पाच मिनिटं चहा. लगेच माइक दिला की जो सर्वांत मोठ्याने बोलतो त्याचंच मत खोलीचं मत होऊन बसतं. पहिला प्रश्न 'तुम्हाला काय वाटलं' असा मोकळा नको, एका पात्राचा आणि एका कृतीचा हवा. 'वेडिंग बँक्वेट'नंतर विचारा, 'वडिलांना नक्की कधी कळलं?' त्यावर दहा जणांची दहा उत्तरं येतात आणि पुढचे वीस मिनिटं कोणाला ढकलावं लागत नाही.

खोलीतल्या कुठल्याही समलिंगी वा ट्रान्स व्यक्तीला 'तुझा अनुभव सांग' म्हणू नका, तिचं सगळ्यांना माहीत असलं तरी. स्वतःहून हात वर केला तर ठीक. आणि फोटो काढायचे नाहीत हे निमंत्रणातच लिहा, कारण क्लबहाउसचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला की पुढच्या महिन्यात चार माणसं येत नाहीत.

दक्षिणायन

एक भर: जूनच्या खेळाआधी 'इन अ हार्टबीट' ही चार मिनिटांची ॲनिमेशन फीत लावा. अमेरिकेतल्या रिंगलिंग महाविद्यालयाच्या दोन विद्यार्थ्यांची २०१७ ची पदवीची फिल्म, दोन शाळकरी मुलांची. एकही संवाद नाही, म्हणजे सबटायटलचा प्रश्न नाही. उशिरा येणाऱ्यांना बसायला वेळ मिळतो आणि तेवढ्यात प्रोजेक्टरचा आवाज-प्रकाशही तपासून होतो. हक्कांचं मात्र यासाठीही विचारून घ्या.